सिंगापूर शेवया आणि सुक-हानचा अर्ज

मंगळवार, ४ मार्च
माझी बायको सुक-हान तिच्या बहिणीकडे गेली त्याला आज नऊ दिवस. हवापालट. विचारणाऱ्याला मी हेच सांगतो.
कारण क्षुल्लक. तिने सिंगापूर शेवया केल्या होत्या, म्हणजे करी पावडर आणि कोळंबी घालून परतलेल्या तांदळाच्या शेवया. मी एवढंच म्हणालो, की आमच्या हॉटेलात अशी प्लेट गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर मारली असती. पाहुण्यांसमोर म्हणालो, हे खरं. पण खरं बोलणं गुन्हा कधीपासून झाला?
आज मुलीचा, यानचा, फोन. सोळा तारखेला रविवारी आईची साठी, ती दुपारी जेवायला घरी येईल. सोबत एक अर्ज आणणार आहे. या सरकारी घराच्या भाडेकरारावरून तिचं नाव काढण्याचा. त्यावर माझी सही हवी. म्हणजे कायमची बहिणीकडे.
धमकी आहे, दुसरं काय. एकतीस वर्षांचा संसार कुणी शेवयांवरून मोडत नाही.
निश्चय: रविवारी मी स्वतः सिंगापूर शेवया करणार. तीस वर्षं वेटर होतो. लाखभर प्लेटा या हातांनी नेल्या. हातातून गेलेलं डोक्यात राहिलंच असणार. खाईल आणि अर्ज फाडेल.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ११
पहिला प्रयत्न. शेवया उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. लगदा. कढईला असा चिकटला, की उलथन्याने खरवडावा लागला.
पाकीट जुनं असणार.
जेवण: पाव.

शनिवार, ८ मार्च
आमच्या हॉटेलच्या जुन्या आचाऱ्याला, पाउ उस्तादांना, फोन केला. माझ्यासाठी नाही, सहज गप्पा म्हणून. उकळत्या पाण्यात हे ऐकून हसत सुटले. म्हणाले, अरे तोंग्या, शेवया शिजवतोयस की मोजे धुतोयस? कोमट पाण्यात भिजव, निथळ, झाकून ठेव. परतताना झारा लावू नकोस, चॉपस्टिकनी उचल, नाहीतर भुगा होईल.
मग विचारलं, सुक-हान का नाही करत? म्हणालो, ती कामात आहे. उस्ताद म्हणाले, तुझ्या बायकोच्या शेवया मी खाल्ल्यात. माझ्यापेक्षा सरस.
म्हातारपणी आधी जीभ जाते. बिचारे.

सोमवार, १० मार्च
करी पावडर कडकडीत तेलात. एका क्षणात काळी. अख्ख्या मजल्यावर खोकला. समोरच्या फोंगबाई ओला नॅपकीन तोंडाला धरून दारात. म्हणाल्या, लाउसाहेब, बायको गेली म्हणून आम्हालाही घालवता का? मी म्हणालो, हवापालटाला गेली आहे. त्या म्हणाल्या, हो, तुमच्या घरातली हवा कळतेय ना आम्हाला.
दुपारी यानचा फोन. आईने हिवाळी कपडे मागितलेत. मी म्हणालो, आता तर उन्हाळा येतोय. यान म्हणाली, म्हणूनच सांगतेय, बाबा.


गुरुवार, १३ मार्च
जमलं! शेवई न् शेवई सुटी, पिवळीधमक, मोड आलेले मूग कुरकुरीत. यान चव बघायला आली होती. खाऊन म्हणाली, चांगल्या झाल्यात. मग चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाली, बाबा, त्यापेक्षा आईला फोन करून चुकलो म्हणा ना. एक शब्द.
मी म्हणालो, शेवयाच सांगतील.
ती म्हणाली, शेवया बोलत नाहीत.
आजकालच्या मुलांना स्वयंपाकातलं काही कळत नाही.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी
बाजार. कोळंबी केविलवाणी, पण माकूल, म्हणजे स्क्विड, ताजी फडफडीत. लगेच सुचलं: कोळंबीऐवजी माकूल! सुक-हानचा जीव की प्राण. दर रविवारी न चुकता आणायची. नवऱ्याला बायकोची आवड ठाऊक असते ती अशी. चिरून, खाचा पाडून फ्रिजमध्ये ठेवली.


रविवार, १६ मार्च. दुपारी ४
साडेबाराला सुक-हान आली, यानला घेऊन. केस आखूड कापलेत. बरी दिसते. अर्ज टेबलावर, सोया सॉसच्या बाटलीखाली.
शेवया अप्रतिम. उस्तादांनीही मान डोलवली असती. प्लेट समोर ठेवली. माकुलीचे तुकडे तापून छान गोल गुंडाळलेले. यानने एकदम तोंडावर हात ठेवला. सुक-हान प्लेटकडे बघत राहिली. म्हणाली, तोंग, माझीच माकूल परतलीस?
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कुणाला नोकरीवरून काढलं, की त्याची माकूल परतली म्हणतात. तापली की माकूल गुंडाळते, आणि तोही वळकटी गुंडाळून निघतो. हॉटेलात मी हे दिवसातून दहादा म्हणायचो.
ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, राजीनामा घेऊन मी आले, तर तूच मला काढून मोकळा! मीही हसलो. वाटलं, जिंकलो. म्हणालो, अगं, तुला आवडते म्हणून घातली.
तिचं हसू थांबलं. म्हणाली, मला लहानपणापासून माकुलीने अंगावर गांध्या उठतात. आणायचे ते तुझ्यासाठी. सगळे तुकडे तुझ्याच वाडग्यात जायचे. कधी माझ्या वाडग्यात बघितलंस?
मग चॉपस्टिकने एकेक तुकडा उचलून माझ्या वाडग्यात घातला. सवयीने. उरलेल्या शेवया पहिल्यापासून शेवटपर्यंत खाल्ल्या. चांगल्या झाल्यात, म्हणाली. आणि अर्जावरची बाटली उचलली.
मी सही केली. माझं पेन उमटेना. तिने तिचं दिलं.

मंगळवार, १८ मार्च
घर फार शांत आहे. मला ते सहन होत नाही.
सकाळी फोन केला. म्हणालो, चुकलो. पाहुण्यांसमोर बोललो तेही, आणि आधीचंही. तिने ऐकून घेतलं. मी विचारलं, तुला खायला काय आवडतं? ती म्हणाली, आता चटकन आठवत नाही रे. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आठवलं तर कळवीन.
मग मी विचारलं, अर्ज दिलास का? घाई नाहीये, राहू दे म्हणणार होतो.
ती म्हणाली, कालच दिला. ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले होते. पहिला नंबर लागला.