दोघांच्या छातीतला डाग

बाबा, तुमच्या दुकानात मी शिकलेला पहिला शब्द म्हणजे 'डागी'. नागपूरहून कापडाचं ठाण आलं की तुम्ही ते गादीवर उलगडायचे, चष्मा कपाळावर चढवून हात फिरवत जायचे, आणि कुठे तेलाचा ठिपका दिसला की ठाण बाजूला सारून ओरडायचे, "डागी हाय, वापस!" गिऱ्हाइकाला डागी माल तुम्ही कधीच दिला नाही, मागून घेतला तरी नाही. "माह्या दुकानात डाग भेटला तं दुकान तुमच्या नावावर करून देतो," असं छाती पुढे काढून सांगायचे. आई म्हणायची, "करून टाका एकदाचं, मी तरी सुटन." हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे त्या एका शब्दानं तुम्हाला काय करून ठेवलं, ते मला अजून नीट पचलेलं नाही.

नव्याण्णव साली मी एक्स-रेचा कोर्स करते म्हटलं तेव्हा तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. चौथ्या दिवशी बोलला तो रागावूनच. "तिथी कसले कसले रोगी येतात, ठाव हाय का तुले? तो एडस्‌चा रोग चालला सगळीकडं. हात लावशील, घरी घेऊन येशील." मी म्हटलं, बाबा, तो असा हात लावून होत नाही. "तू मले शिकवू नको." झालं! आणि मग दिवाळीनंतर तुम्हीच शिंप्याला घरी बोलावून माझी मापं घेतली, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या सुती कापडाचे दोन पांढरे कोट शिवून आणले आणि आईजवळ देऊन स्वतः ओसरीवर जाऊन बसले. माझ्या हातात द्यायला काय झालं होतं? असे तुम्ही. ते कोट मी बाही झिजेपर्यंत घातले.

आमच्या दवाखान्यात नवीन सीटीचं मशीन आलं, त्यावर हृदयाचे फोटो निघू लागले, त्याच वर्षी तुम्हाला जिना चढताना छातीवर दडपण येऊ लागलं. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, लग्नाला निघाल्यासारखे आलात. बाहेरच्या बाकावर अल्लीपूरची एक बाई बसली होती. शेतात निंदणीच्या कामाला जाणारी, चाळिशीची, नवरा वारल्यावर तिला तोच एड्सचा आजार असल्याचं कळलेलं. गोळ्या चालू होत्या, तब्येत धरली होती. आता छातीत दुखतं म्हणून तिलाही हृदयाचा फोटो सांगितला होता. आमच्या एका अटेंडंटला तोंड आवरत नाही, तो तुमच्या कानाशी लागला असणार, कारण मी दार उघडून पाहिलं तर तुम्ही बाकाच्या दुसऱ्या टोकाला अर्धे हवेत बसला होता. ती मात्र निवांत पाय हलवत बसली होती. खरं सांगते, मला तुमचा राग आला आणि हसूही आलं.

हृदयाचा फोटो काढताना हृदय काही एकटं येत नाही, बाबा. त्याच्या अंगाला लागून फुप्फुस येतं, मणके येतात, यकृताचा एखादा कोपरा येतो. माणूस एका गोष्टीसाठी येतो आणि त्यानं न विचारलेलं दुसरंच काहीतरी पडद्यावर दिसतं. आधी तिचा फोटो झाला, मग तुमचा. दोन्ही हृदयं चांगली निघाली, रक्तवाहिन्या मोकळ्या. आणि दोघांच्याही फुप्फुसात एकेक छोटा ठिपका. मी आत पुढच्या पेशंटला टेबलावर घेत होते, तेवढ्यात डॉक्टर बाहेर गेले आणि त्यांनी आधी तिला, मग तुम्हाला त्याच शब्दांत सांगितलं, की हृदय ठीक आहे, पण छातीत एक डाग दिसतोय, तीन महिन्यांनी परत येऊन दाखवा. मी बाहेर आले तोवर तुम्ही निघून गेला होता.

त्या संध्याकाळपासून घरात काहीतरी बिघडलं. तुम्ही तुमचं ताट, तुमचा पेला वेगळा काढला, स्वतः घासू लागले. जेवायला ओसरीवर. झोपायला दुकानाच्या माडीवर. सुपारीच्या अडकित्त्याला तुम्ही आईला हात लावू देईनात, न्हाव्याकडे स्वतःचं पातं घेऊन जाऊ लागले. माझी लेक शाळेतून थेट तुमच्याकडे यायची, रविवारी तुमच्या स्कूटरवर पवनारला नदी पाहायला जायची. तिला तुम्ही लांबूनच "जा, आजीपाशी जा" म्हणू लागले. पोरगी रडून रडून दमली. आईनं मला स्वैपाकघरात ओढलं आणि कुजबुजली, "काऊन वं, या वयात तुह्या बापानं कुठी शेण तं नाई खाल्लं?" मी म्हटलं, आई, काहीतरीच काय! मला वाटलं, डाग ऐकून कॅन्सरची धास्ती घेतली असेल.

मग मी एक दिवस तुमच्यासमोर ओसरीवर ताट घेऊन बसले आणि तुमच्या ताटातली भाकर उचलली. तुम्ही माझ्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग ताट स्वतःकडे ओढून घेतलंत. "मले तो रोग झाला, बाई. त्या बाईले बी डाग अन् मले बी डाग. डॉक्टरनं एकच सांगितलं दोघाईले. मी कुठी गेलतो नाई, तुह्या मायची शप्पथ. सुईनं झाला असन, नाई तं त्या बाकावर." बाबा, मी तुम्हाला तेव्हा पोटाशी धरलं, ते तुम्हाला आवडलं नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण मी सोडलं नाही. तुम्ही दिवसच्या दिवस स्वतःलाच डागी ठरवून वापस केलं होतं. मी समजावलं, की तो डाग म्हणजे तो आजार नव्हे. कुणाच्याही छातीत निघतो, आजार असो की नसो. जुन्या टीबीचा वण असेल. किंवा गाठ असेल, वाईट निघाली तर कॅन्सर. म्हणून तर परत बोलावलंय.

तुम्ही डोळे पुसले. केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि म्हणालात, "कॅन्सर? मंग बरं. लोकाईले सांगता तं येते."

मी ताट आपटलं. जे तोंडाला आलं ते बोलले. ती बाई काय करत असेल, तिला कुणाला सांगता येत असेल, ती कितीक वर्षं अशीच वेगळ्या ताटात जेवत असेल, हे सगळं ओरडून विचारलं. आई दारात उभी राहिली होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही मान खाली घालून ऐकलं.

तीन महिन्यांनी तुम्ही आलात ते चिवड्याचा डबा घेऊन. ती बाकावर होती. तुम्ही तिला खेटून बसला, डबा उघडला, आधी तिच्यापुढे धरला, मग मोठमोठ्यानं बोलत त्याच डब्यात हात घालून खाऊ लागले, साऱ्या व्हरांड्याला दिसेल असं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तुमच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ," म्हणाली, "खाऊन राह्यले तं खा, पण लोकाईले काऊन दाखवून राह्यले? मी काय जत्रा हाय?" तुमचा हात डब्यातच राहिला. मग ती हसली आणि मूठभर चिवडा घेतला. "मीठ कमी हाय," म्हणाली. त्यावर तुम्ही दोघं जे भांडायला बसलात, मिठावरून, कापसावरून, एसटीच्या टायमावरून, ते फोटोसाठी नाव पुकारलं तरी थांबेनात.

फोटो निघाले. या वेळी डॉक्टरांच्या आधी मीच बाहेर आले. तुम्ही विचारलं, "तिचा?"

"तसाच आहे. वाढला नाही. जुना वण दिसतो."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा खरंच उजळला, बाबा. दाखवायला नाही, तेव्हा तिकडे कुणी पाहतही नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलंत. मी हातातलं तुमच्या फोटोचं पाकीट छातीशी धरलं. तुमचा कसा, हे तुम्हाला विचारावं लागलं नाही. तुम्ही डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणालात, "घरी जाऊ, चाल. तुही माय वाट पाहत असन."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दीड वर्ष, ती गाठ तुम्हाला घेऊन जाईपर्यंत. नातीला पुन्हा मांडीवर घेऊन तुम्ही जेवलात, हे सुख मी विसरत नाही. ती बाई अजून येते. आता म्हातारी झालीय, गोळ्या चुकवत नाही, दरवेळी तुमचं नाव काढते आणि म्हणते, "भाऊ लय भांडकुदळ होता." मी तिला चहा पाजते, बसमध्ये बसवून देते. हे पत्र कुठे टाकायचं, टाकायचं तर कोणत्या पेटीत, म्हणून ते माझ्याजवळच राहील आणि तेच बरं, कारण ही एक गोष्ट मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. दरवर्षी तिच्या फोटोत डाग तेवढाच निघतो, ती पदर सावरत टेबलावरून उतरते, आणि मी बाबा, तुमच्यासारखं 'बरं झालं' म्हणायला तोंड उघडते. आधी मनात येतं, वाईट निघायचा तो तुमचाच का. मग म्हणते.