कलम सात आणि आमची लिफ्ट

३ मार्च, सकाळी ७.१०
सरकारने नव्या लिफ्ट कायद्याचा मसुदा वेबसाइटवर टाकला आहे. कोणीही नागरिक दुरुस्ती सुचवू शकतो. आजवर मला कुणी काही विचारले नव्हते. रोज पहाटे एक तास देशाला देणार. इमारतीचा सेक्रेटरी असल्याने विषयाचा अभ्यास आहेच. आमचीच लिफ्ट तीन आठवडे बंद आहे, हा योगायोग.

४ मार्च
लिफ्टचा मेकॅनिक मंजुरीचा कागद ठेवून गेला. सही मिळाली की दोन दिवसांत चालू करतो म्हणाला. कागदावर मात्र ‘शक्य तितक्या लवकर’. लवकर म्हणजे किती? सही तूर्त नाही.

६ मार्च
गुडघ्यांमुळे आई चौथ्या मजल्यावर अडकून आहे. तळमजल्यावरच्या मावशी, तिची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, सोळा तारखेला कायमच्या लेकीकडे राहायला चालल्या. दोघी बाल्कनीतून ओरडून बोलतात. माझं पोट साफ होतं की नाही ते आता सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, असे आई म्हणाली. तिला धीर दिला. माझे कलम सात येऊ दे : बंद लिफ्ट चोवीस तासांत चालू झालीच पाहिजे. कधी येणार, तिने विचारले. पुढच्या अधिवेशनात, मी म्हणालो. तोवर मीच वर जाईन, त्याला लिफ्ट लागत नाही, म्हणाली.

७ मार्च, सकाळी ८.४०
उठायला उशीर. चिंतन झोपेत चालूच होते. कलम सातला पाच पाठिंबे. त्यांतले दोन तर अनोळखी!

९ मार्च
मेकॅनिकचा कागदही लोकसहभागातूनच सुधारायचा. इमारतीच्या ग्रुपवर टाकला. बायको म्हणाली, अहो, सही करा आणि मोकळे व्हा. तिला प्रक्रिया कळत नाही.

११ मार्च
बारा बिऱ्हाडे, सत्तेचाळीस दुरुस्त्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना लिफ्टमध्ये आरसा नको. दुसऱ्यावरच्या दंतवैद्यबाईंना मोठा हवा. पहिल्या मजल्याला लिफ्टच नको. मेकॅनिकचा फोन : साहेब, मोटर बदलायचीय की घटना? हसलो नाही.

१२ मार्च
मेकॅनिकच्या कागदाचा मसुदा सातवा. टेबलावरचा मूळ कागद सापडत नाही. बिघडले नाही, आता त्याची गरजच उरलेली नाही.

१४ मार्च
वेबसाइटवर आज शेवटचा दिवस. अकरा तास स्क्रीनसमोर. बाहेर कसलीशी घरघर चालू होती. खिडकी लावून घेतली.

१५ मार्च
आई कालपासून माझ्याशी बोललेली नाही. दिवसभर तिच्या खोलीतून हूं की चूं नाही. रुसली असावी. कामाला शांतता उत्तम. मसुदा नववा. सही उद्या, नक्की.

१६ मार्च, दुपारी १२.३०
सकाळी सरकारचे ईमेल आले. पहिल्याच ओळीत आभार! पुढचे न वाचता कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढली. फ्रेम करायची होती. येताना जिन्यात उरलेले वाचले. चोवीस तासांची अट जुन्या नियमांत पूर्वीपासूनच आहे. पालनाची जबाबदारी इमारतीच्या सेक्रेटरीची. कसूर झाल्यास कारवाई.

दुसऱ्या मजल्यापाशी दम खात होतो, तेवढ्यात जाळीमागून लिफ्ट वर गेली. आत आई आणि बायको.

वर पोचलो तेव्हा आई सोफ्यावर होती. मावशींना गाडीत बसवून आलेली. डोळे लाल. बायको म्हणाली, मेकॅनिकच्या कागदाच्या तळाशी ‘कोणाही एका रहिवाशाची सही’ असे छापले होते. आईंनी बुधवारी, बारा तारखेलाच केली. लिफ्ट शुक्रवारपासून चालू आहे, आणि आई शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस सकाळपासून मावशींकडेच होत्या. तुम्ही जेवायला हाक मारली तरी मान वर करत नव्हतात.

आईला सरकारचे पत्र दाखवले. तिने चष्मा लावला, तळापर्यंत वाचले, घडी घालून माझ्या हातात दिले.

मग विचारले, म्हणजे तुलाच धरणार की काय रे?