आण्णांच्या आवाजाची यादी

पलूस, १८ जानेवारी २०२५

चि. शंभूराज यास,
आईचा आशीर्वाद. समदी खुशाल हायत असं लिवायची रीत हाय म्हणून लिवते, पण तसं न्हाई. तुजा फोन लागत न्हाई. चौथीपतूरच्या शाळंवर कागद घेऊन बसलीया, चुका काढू नको.

आदी कामाचं. बर्फातल्या चौकीवरनं खाली छावणीत आलास तर फोन नेटला लावू नको. का, ते म्होरं वाच.

संक्रांतीला तू खाली आलतास तवा आण्णांनी माईकवर सांगितल्याली कुस्तीची मैदानं फोनवर लावलीस. ती तुज्या फोनवर लागायची ती हितं सैपाकघरातल्या काळ्या स्पीकरला लागली. आजी भाकऱ्या थापत हुती. माणूस जाऊन वरीस झालं न्हाई, घरात गाणं न्हाई, बाजा न्हाई, आन् एकाएकी तुजं आण्णा माईकवर बोलल्यागत बोलाय लागलं, पट काढला, पट काढला, वाजवा टाळ्या. आजी तितंच बसली. तवापास्नं पिठाला शिवली न्हाई. म्हणते, माज्या मानसिंगला गती मिळाली न्हाई, त्यो डब्यात अडकलाय.

मला आला राग. माज्या फोनातनं ती समदी यादी पुसून टाकली. पुसल्यालं कचऱ्याच्या डब्यात पडलं. कचरा उंबऱ्याच्या आत ठिवायचा न्हाई ही आपली रीत, म्हणून त्यो डबा बी रिकामा केला. मला वाटलं, स्पीकरचं गेलं.

दुसऱ्या दिशी तुज्या भनीचा, पल्लवीचा, कराडच्या होस्टेलवरनं फोन. नुसती रडं. तिचं म्हणणं, आपल्या घरात फोन किती बी असूंद्यात, यादी एकच. एका जागी पुसली की टीव्हीतली, तिच्या फोनातली, समद्यांची जाते, आन् डबा रिकामा केल्यावर कुणालाच गावत न्हाई. म्या म्हटलं, मग फोन शिकवताना हे कवा सांगितलंस गं. आण्णांचा जुना फोन तर पावसाळ्यातच मेलाय.

आता त्येंचा आवाज निस्ता तुज्या फोनात उरलाय, तुला वर नेट न्हाई म्हणून. नेट लागलं की तुजं बी आपोआप पुसून जाणार. तवा दुसऱ्या जवानाचा फोन शेजारी ठेव, आण्णांस्नी मोठ्यानं लाव, त्यात भरून घे. मग कुटं बी जा.

एवढं कर. रागावली तरी तुजीच हाय.
तुजी आई, रंगूबाई

चौकीवरून, २० जानेवारी

ती. आईच्या पायांशी शंभूचा नमस्कार.
बर्फामुळं वर येणारं टपाल थांबलंय, तुझं पत्र बरेच दिवस नाही; हे खाली उतरणाऱ्या एका जवानाबरोबर धाडतोय. मी बरा आहे. नाक सोललंय, बाकी माणूस ओळखू येतो.

आण्णा इथं रोज असतात. पहारा संपला की मी फोन पत्र्याच्या डब्यात ठेवतो, आवाज घुमतो. हरियाणाचा एक पैलवान गडी आहे, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण आण्णांचा आवाज चढला की हा दंड थोपटतो. परवा विचारत होता, तुझे वडील कुठल्या मैदानात भेटतील. मी म्हटलं, आता सगळ्याच.

थोड्या दिवसांत आमची तुकडी खाली उतरेल. उतरलो की पहिलं फोन नेटला लावणार. यादीतलं कुंडलचं मैदान मागल्या वेळी राहून गेलं, ते उतरवून घेतो. आजीला पण ऐकवत जा, तिला बरं वाटेल.
लोभ आहेच, खरडपट्टीही चालू दे.
शंभू

पलूस, १ फेब्रुवारी

चि. शंभूस आशीर्वाद.
तुजं पत्र आलं आन् तशीच कागद घेऊन बसली. माजं तुला पोचलंच न्हवतं. परत तेच लिवते, नेट लावू नको. पोस्टातल्या बाईला म्हटलं लवकर धाडा, ती म्हणाली सगळ्यांचंच लवकरचं असतं.

आजीचं येगळंच चाललंय. आता ती स्पीकरपसनं हलत न्हाई. म्हणते, मी भ्याले म्हणून त्यो गप बसला, त्येला म्हणावं बोल, आता भीत न्हाई. म्या काय सांगू? दम दिला तर रडती, न्हाई दिला तर पुन्हा इचारती.
तुज्या वाटंला डोळं लावून,
आई

छावणीतून, ६ फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार.
खाली आलो. तुझी दोन्ही पत्रं इथं टपालात पडून होती. ती मला संध्याकाळी मिळाली. फोन मी सकाळीच लावला होता.

एक गोल फिरत राहिला, मग यादी कोरी. मला वाटलं, भरायला वेळ लागत असेल. तो हरियाणाचा गडी आणि मी फोनकडं बघत बसून राहिलो. तुझी पत्रं वाचल्यावर कळलं, कशाची वाट बघत होतो.

तुला फोन केला नाही. बोलता आलं नसतं. तुझ्यावर राग नाही, हे खरं लिहितोय.

आजीसाठी एक केलंय. आण्णांची एक कुस्ती मला तोंडपाठ आहे. त्यांच्यासारखा आवाज काढून ती बोललो आणि आपल्या यादीत टाकली. स्पीकरला लाव. मी आहे हे तिला सांगू नको.
तुझा शंभू

पलूस, १५ फेब्रुवारी

चि. शंभूस आशीर्वाद.
लावलं. आजीनं पदर सारखा केला आन् कान दिला. पट काढला म्हणेपतूर ऐकलं. मग म्हणाली, ह्यो शंभू हाय, लेकराला थंडी वाजतीया. आन् उठून आत गेली. दुसऱ्या दिशी पीठ मळाय बसली. मानसिंग गेला, असं तिच्या तोंडनं पयल्यांदा ऐकलं.

तिचं भागलं. माजं भागंना. चुलीपास्नं गोठ्यापतूर त्येंचा आवाज माज्या कानात असायचा, यादी गेली तरी हुता. तुजं ऐकलं आन् आता आठवाय गेलं की तुजाच येतोय, तू मधी खातोस तसा दम खाऊन. त्ये दम खात न्हवतं, एवढंच ध्यानात हाय. कसं बोलायचं ते न्हाई.

तू चांगल्या मनानं केलंस, तरी पुन्हा भरू नको. भरल्यालं बी पुसून टाक. माजा हात आता कुटल्या बटनाकडं जात न्हाई. तुज्याकडनं पुसलंस की हितलं बी जाईल. घर गप झाल्यावर त्येंचा येतोय का बघते.
आई