आवाजाविरुद्ध शाल आणि श्रीफळ

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.१०
आजपासून विमानांच्या आवाजाची नोंद. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता कॉलनीचा अध्यक्ष असलेल्या माणसाला पुरावा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं. पहिलं विमान ११.०४ ला गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. आकडा ९६. कॉलनीत हे अजून कुणालाही सुचलेलं नाही.

११.४०
९६ हा आमच्या सौ. सुधाच्या मिक्सरचा आकडा निघाला. दाण्याचं कूट. विमान गेलं तेव्हा अ‍ॅप अजून उघडतच होतं. उद्यापासून अकरा ते एक मिक्सर बंद, असं सांगितलं. ती म्हणाली, मग जेवायला अ‍ॅपच घ्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
शेजारची रोहिणी आली होती. खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, कायमची रात्रपाळी. सकाळी दहाला झोपते, आणि अकराला लढाऊ विमानं डोक्यावर. दोन महिने धड झोप नाही. परवा रात्री एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या खाटेपाशी घेऊन गेली. टोचायच्या आधी नाव पाहिलं म्हणून निभावलं. मागणं एवढंच, की उड्डाणाच्या वेळा आदल्या दिवशी कळाव्यात. म्हणजे त्या दिवशी ती आईकडे नाशिकरोडला झोपायला जाईल.
म्हटलं, पोरी, माझ्यावर सोड. काम झालंच म्हणून समज.

९ नोव्हेंबर, रविवार
अर्ज तयार. चार पानं, सतरा मुद्दे. रोहिणी म्हणाली, काका, हे एका ओळीत नाही का बसणार? तिला सरकारी भाषेची सवय नाही. अडतीस सह्या झाल्या. सही करताना कॉलनीतल्या गोटीरामनं विचारलं, साहेबांपुढे बोलणार कोण? मी नुसता हसलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
हवाई दलाच्या तळावरच्या साहेबांनी वेळ दिली. मंगळवारी, दहा मिनिटं. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून शाल, श्रीफळ आणि गुच्छ. रोहिणी म्हणाली, आपण तक्रार करायला चाललोय ना? समजावलं तिला. आधी सत्कार, मग विषय. छत्तीस वर्षं नोकरीत हेच केलं. त्यानं कुणाचं काम झाल्याचं चटकन आठवत नाही, पण संबंध कायम चांगले राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी
भेट यशस्वी. दोघांनाच आत सोडलं, मी आणि रोहिणी. गोटीराम गेटवर थांबला. रोहिणी ड्यूटीवरून थेट आलेली, डोळे लाल. मी शाल घातली, नारळ दिला. साहेब फार नम्र. चहा मागवला. मग त्यांनी स्वतःहून हिंदीत विचारलं, आमच्या विमानांचा काही त्रास होतो का?
आता त्याच माणसाच्या खांद्यावर माझी शाल. म्हटलं, त्रास कसला साहेब, हा आवाज म्हणजे आमचा अभिमान. रोहिणी काही बोलायला पुढे सरकली. तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, ही आमची मुलगी, हिलाही फार आवडतो.
मग फोटो. दहा मिनिटं संपली.

रात्री ९
ही पहिली भेट होती. पहिल्या भेटीत वातावरण तयार करायचं असतं.
गेटवर गोटीरामनं विचारलं, अर्ज दिला का? दिला, म्हणालो. अर्ज बॅगेतच होता. रोहिणीला ते माहीत होतं. रिक्षात ती त्या बॅगेकडेच बघत होती.
उद्या स्पीड पोस्टानं पाठवतो. नक्की.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अंगात कणकण. शिवाय तिसऱ्या पानावर 'सविनय' दोनदा आलंय. दुरुस्त केल्याशिवाय पाठवणं बरोबर नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पेपरात फोटो. 'विमानांचा आवाज हा आमचा अभिमान: रहिवाशांकडून सत्कार.' मी मधोमध. रोहिणीचे डोळे मिटलेले. मी तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. अडतीस जणांनी पाहिला, कुणी काही लिहिलं नाही.
सुधानं पेपरची घडी घातली आणि विचारलं, अर्ज कुठे आहे? म्हटलं, बॅगेत. ती आत जाऊन मिक्सर लावू लागली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तळावरून पत्र आलं. सद्भावनेबद्दल आभार. ज्या वसाहतींनी लेखी विनंती केली त्यांना एक तारखेपासून उड्डाणाच्या वेळा आदल्या दिवशी कळवल्या जातील. आपल्या कॉलनीला आवाजाचा त्रास नसल्याचं अध्यक्षांनी समक्ष सांगितलं, त्याची आनंदानं नोंद घेतली आहे.
चार वेळा वाचलं. मसुद्यात खोट नाही. नोंद बरोबर आहे, मीच सांगितलं.
पत्र गादीखाली ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार
पत्र गादीखालून काढून रोहिणीला नेऊन दिलं. तिनं उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं. सांगायचं म्हणून सांगितलं, शाल खांद्यावर होती गं, तोंडातून तक्रारीचा शब्दच फुटेना. तिनं शांतपणे विचारलं, माझ्या झोपेबद्दल तुम्ही माझ्यासमोर खोटं कसं बोललात, काका?
लाज वाटते. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय, तरी आजूबाजूला बघून लिहितोय.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी १२.३०
विमानं सकाळपासून चालू. बेल वाजली. रोहिणी. झोपलीच नव्हती. हातात वहीचा अर्धा कागद, त्यावर एकच ओळ: उड्डाणाच्या वेळा आमच्या कॉलनीलाही आदल्या दिवशी कळवाव्यात. खाली सदतीस सह्या. सगळ्यांची घरं करून शेवटी माझ्याकडे आली होती.
उद्या तळावर मीही येतो, म्हटलं. तिनं नकारार्थी मान हलवली. म्हणाली, काका, तुम्ही फक्त सही करा.
सही केली. सहीखाली हुद्दा लिहायच्या छत्तीस वर्षांच्या सवयीनं 'अध्यक्ष' लिहून गेलो. तिनं माझ्याच हातातलं पेन घेतलं, त्या शब्दावर सरळ रेघ मारली आणि कागद घेऊन गेली.