वंदना सापडली, कुसुमताई

प्रिय कुसुमताई,

वंदना सापडली.

हे ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. आणि राग आलाय म्हणूनही. दुभाष्याला रागावायची मुभा नसते. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं, 'मी' म्हणूनच, दुसऱ्या भाषेत सांगायचं आणि स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही, हा आमचा नियम. तुमच्या केसभर मी तो पाळला. आज नाही पाळणार.

पहिला दिवस आठवतो? प्लेनोच्या हायवेशेजारच्या रस्त्यावरून भर उन्हात स्लिपर घालून एक बाई चाललीय, एवढ्यावरूनच पोलिसांनी गाडी थांबवली होती. इथे अमेरिकेत पायी चालणारं माणूस दिसलं की लोकांना काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. कचऱ्याचा डबा बाहेर लावायला म्हणून तुम्ही निघालात, त्या परत घरात गेलाच नाहीत. मदतसंस्थेत मी एरवी फक्त शनिवारी जाते, पण मराठी बोलणारं दुसरं कोणी मिळेना, म्हणून ऑफिसातून उठून आले. तुम्ही बोलत होतात आणि मी इंग्रजीत म्हणत होते, मला गॅरेजमध्ये झोपवायचे, माझा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात आहे. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय झालं? मला माझ्या शब्दांत काही सांगताच येईना.

तुम्हाला घरकामाला राबवणाऱ्या त्या मॅडमच्या वकिलाने काय विचारलं? दाराला कुलूप होतं का? नव्हतं. मग तुम्ही गेला का नाहीत? अहो, इथे कुलूप कशाला लागतं! गाडी नाही, भाषा नाही, फोन नाही आणि तिकडे तुम्हाला इथे पाठवणारा नागपूरचा एजंट घरी जाऊन तुमच्या म्हाताऱ्या आईला दम देतोय. मॅडम तर डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही तिला फॅमिलीसारखंच ट्रीट केलं." घरच्यासारखं! घरच्या माणसाच्या शुगरच्या गोळ्या संपल्या तर 'इथला डॉक्टर परवडत नाही' म्हणतं का कोणी? त्यातच तुमच्या किडन्या गेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. मी शांतपणे वकिलाचा प्रश्न मराठीत केला आणि पाण्याचा ग्लास तुमच्याकडे सरकवला.

आणि तुम्ही! तुम्ही त्या घरातल्या धाकट्या पोरीसाठी रडत होतात. ती तुमच्याच हातचं खायची, आता जेवली असेल का, म्हणून. मला तेव्हा तुमचाही राग आला होता, सांगून टाकते.

पण सगळ्यात जास्त तुम्ही एकच गोष्ट विचारलीत. एजंटने त्याच विमानातून आणखी एका बाईला पाठवलं होतं. विमानतळावरून तुम्हाला एकीकडे नेलं, वंदनाला दुसरीकडे. प्रत्येक जबाब संपला की तुमचं सुरू, "पयले तिले पाहा. माहं मंग पाहू."

पाहायचं कोणी? इथल्या तपास अधिकाऱ्याने तिकडे विचारलं. तिकडून उत्तर आलं, विनंती योग्य मार्गाने पाठवा. योग्य मार्गाने पाठवली, तर ती कुठल्याशा टेबलावर जाऊन बसली. एजंटला मात्र कुठलाच मार्ग अडला नव्हता! त्याने दोन बायका समुद्रापार पोचवल्या आणि दोन सरकारांना एक प्रश्न पोचवता येईना.

त्यातच ती हॉटेलातली परिषद. आंतरराष्ट्रीय सहकार्य असा मोठा फलक आणि पाहुण्यांच्या कोटांवर दोन-दोन झेंड्यांच्या पिना. तुमच्या धैर्याचं कौतुक म्हणून तुम्हाला स्टेजवर बोलावलं. तुम्ही डायलिसिसहून तशाच आला होतात. माइक हातात घेऊन एवढंच म्हणालात, "वंदना कुठं हाये?" मी ते इंग्रजीत सांगितलं. आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. प्रश्नाला टाळ्या! तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय म्हनून राह्यले ते?" मी काय सांगणार होते? कोणी काही म्हणालंच नव्हतं.

शेवटी कसं जमलं सांगू? तुम्ही गेल्यावर त्या अधिकाऱ्याने वैतागून नागपूरच्या एका महिला इन्स्पेक्टरला सरळ व्हिडिओ कॉल लावला. मध्ये दुभाषी मी. ती बाई दुसऱ्याच दिवशी वंदनाच्या माहेरी गेली. वंदनाने एकदा चोरून भावाला फोन केला होता, तो नंबर त्याच्या मोबाइलमध्ये अजून होता. तो निघाला इथल्याच, दुसऱ्या राज्यातल्या पार्सिपनी गावातल्या एका घराचा. संपलं! दोन माणसं एकमेकांशी बोलली, एवढंच काम होतं. ते तुमच्या डोळ्यांदेखत का नाही झालं? आणि तुम्हाला तरी जायची एवढी काय घाई होती?

काल वंदनाचा पहिला जबाब झाला, स्क्रीनवर. खुर्चीच्या टोकाला अंग चोरून बसली होती. अधिकाऱ्याने नाव विचारायच्या आत तिनेच विचारलं, "कुसुमताई सुटली का?"

मी इंग्रजीत सांगितलं. त्याने पेन खाली ठेवून उत्तर दिलं. त्याचं मी मराठीत केलं. ती सुटली होती, पण आता ती नाही, मला फार वाईट वाटतं. नियमाप्रमाणे ते वाईट वाटणं त्याचं होतं. पण ते माझंही होतं, आणि माझ्या आवाजावरून ते दोघांनाही कळलं. कळू दे.

वंदना बराच वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली की त्या घरात तिच्याआधी रेखा नावाची एक बाई होती, तिला एका सकाळी गाडीत बसवून नेलं. "माझं नंतर लिहा," म्हणाली. "आधी तिला बघा."

ताई, त्या परिषदेचं यंदाही बोलावणं आलंय. तुमच्या फोटोला हार घालायचाय म्हणे, आणि मी तुमच्या आठवणी सांगायच्यात. जाणार आहे मी. पण दुभाषी म्हणून नाही. माइक हातात घेऊन स्वतःच्या तोंडाने विचारणार आहे, रेखा कुठे आहे? टाळ्या वाजल्या तर त्या संपेपर्यंत थांबेन आणि पुन्हा विचारीन. कोणीतरी उत्तर देईपर्यंत मी त्या स्टेजवरून उतरणार नाही, हे तुम्हाला माझं वचन.

आज पहिल्यांदाच स्वतःचं बोललेली,
तुमची
मेधा