नववी चिप

जॉर्जटाउन, पिनांग
१८ फेब्रुवारी २०१९

प्रिय बेंग स्वी यास,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व कुशल.

अत्यंत जड अंतःकरणाने तक्रार नोंदवतो की, तू सिंगापूरहून पाठवलेल्या अननस-टार्टच्या डब्यावर 'वीस नग' असे स्वच्छ छापलेले असून आत एकोणीसच निघाले. तीनदा मोजले. दुसऱ्या मोजणीनंतर एक खाल्ला, तो धरूनच सांगतो आहे. सम आकडा विषम झाला की मध्ये कुठेतरी गडबड झाली, हे तूच मला शिकवलंस. डबा इथवर चिकटपट्टीसकट आला; तेव्हा चोर सिंगापुरातच राहतो आणि त्याला डॉक्टरांनी गोड बंद केलंय, एवढं अनुमान न्यायशास्त्राला धरून आहे.

पंचवीस वर्षं तू चिनी नववर्षाला डबा पाठवतोस, मी दिवाळीला मुरुक्कूच्या चकल्या. सोबत कार्डावर 'सर्व कुशल'. पत्र मात्र हे पहिलंच.

टार्ट मोजताना बायान लेपासचा आपला चिपांचा कारखाना आठवला. दुपारच्या सुट्टीत आपण मागच्या पायरीवर बसायचो. तुझ्या हातात कुएतियाऊच्या शेवयांचा पुडा, माझ्या डब्यात दहीभात. देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा म्हणून तू मला 'सामी' म्हणायचास.

"सामी, तुझ्या बापाने तुला मंत्र उलटसुलट का घोकायला लावले रे?"

"एखादं अक्षर निसटलं तर तिथल्या तिथे कळावं म्हणून."

"मग नववी चिप तेच करते. फक्त दक्षिणा जास्त मागते."

मेमरीच्या पट्टीवर आठ चिपा माहिती सांभाळणार, नववी फक्त सम-विषम लक्षात ठेवणार, आणि चुकलं की ओरडणार. गिऱ्हाईकाला नऊ हव्या होत्या, किंमत आठांची द्यायची होती. तेव्हा तू रद्दीच्या ट्रेमध्ये हात घातलास. चार वाटांपैकी तीन बंद, एकच चालू, म्हणून फेकलेल्या चिपा. "नववीला एकच वाट लागते," तू म्हणालास. "ह्या लंगड्या आहेत, खोटारड्या नाहीत." पट्टीवरची एक तार वळवली की काम झालं. आठ दिवस आपण सुट्टीत बसून त्या निवडल्या. चालू वाटेच्या पिनेवर खूण करायला आपल्यासोबत कामाला असलेल्या काक रोहानीने तिचं गुलाबी नेलपॉलिश दिलं, वर टोमणा: "लग्न चिपेचं आहे की तुमचं?" जवळजवळ फुकटात खरीखुरी राखण. अजूनही वाटतं, माझ्या हातून इतकं नेटकं काम पुन्हा झालं नाही.

पण निवडायला माणसं लागतात, आणि त्याच महिन्यात ती दुसरी चिप आली. त्याहून स्वस्त. ती काहीच लक्षात ठेवायची नाही. विचारलं की समोर जे दिसेल त्याला जुळेल असं उत्तर त्या क्षणी बनवून द्यायची. तू मुद्दाम एक वाट तोडून पट्टी यंत्रात लावलीस. यंत्र म्हणालं: ठीक. दुसरी तोडलीस. ठीक.

तपासणीच्या कागदावर दोन सह्या लागायच्या. तू केली नाहीस. मी केली, मग तुझ्या जागी नव्या माणसाने केली. नोकरी सोडून जाताना तू म्हणालास, "सामी, मुकी चिप परवडली असती. ही तर हसून ठीक म्हणते."

हे सगळं आज का उगाळतोय? गोड बंद झालेल्या माणसा, आणखी थोडा धीर धर.

यालिनी, माझी मुलगी, दोन वर्षं तुझ्या गावात आहे. तिची आई गेल्यावर लगेच तिथे नोकरी धरली. दर रविवारी फोन येतो. "मी ठीक आहे, अप्पा." तोच सूर, तीच घाई, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. मीही तेच सांगतो.

मागच्या रविवारी मी तुझी युक्ती केली. म्हटलं, "यालिनी, आज दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात बसून वाडगाभर बाकुतेह ओरपलं. डुकराचं." ज्या पोरीने बारा वर्षांची असताना माझ्या डब्यात चुकून आलेल्या अंड्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, ती म्हणाली, "छान, अप्पा. इकडे सगळं ठीक आहे."

मी फोन ठेवला.

मी स्वतः यावं, असं तू म्हणशील. आलो तर ती घर आवरून, हसून दार उघडेल. मी पोटभर जेवून समाधानाने परत येईन. आम्ही दोघं एकाच कारखान्यातले. तिला ती खोटी सही मीच शिकवली: आईच्या आजारात वर्षभर मी घरात 'ठीक' म्हणत फिरलो, आणि ती ऐकत होती.

म्हणून तू जा. पाठीमागे पत्ता लिहिला आहे. टार्ट घेऊन जा, तुझ्याकडे राहिलेला विसावा नगही चालेल. 'कशी आहेस' असं मात्र विचारू नकोस. बस, चहा माग, स्वयंपाकघरात चूल पेटते का बघ, ती झोपते का बघ. आणि जे दिसेल ते मला सांग, गोड न करता. तू कधी खोटी सही केली नाहीस. मला दुसरा कोणी असा माणूस माहीत नाही.

वर पहिल्या ओळीत 'सर्व कुशल' लिहिलंय, ते सवयीने. खोडत नाही, तुला दिसू दे. बेंग स्वी, मला माझ्या मुलीसाठी फार भीती वाटते आहे.

तुझा,
सही करणारा
सामी