चांगला बॉल येईपर्यंत

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. दुसरं कोणी वाचणार नाही, तरी शुद्धलेखन सांभाळायचं.

परिस्थिती: सत्तावीस फेब्रुवारीला मला पंचवीस पूर्ण. मग बाबांच्या व्हिसावर राहता येणार नाही. डिग्री दुसऱ्या वर्षी सुटली. (सुटली. सोडली नाही.)

उपाय: इथे शारजातलं एक कॉलेज बेसबॉलची टीम काढतंय. हिटरची एकच जागा उरलीय. मिळाली तर ॲडमिशन, फी माफ, स्टुडंट व्हिसा. ट्रायल बावीस फेब्रुवारीला.

बाकीची मुलं नुसती बॅट फिरवतात. मी वाचलंय. गुडघा ते छाती या चौकटीबाहेरचे चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट. आतला सोडला किंवा हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक की आउट. म्हणजे हा खेळ ओळखण्याचा आहे. आणि बॉल सोडायला मला बाबांनी लहानपणीच शिकवलंय, अल मजाजच्या बागेत, टेनिस बॉलवर. ऑफस्टंपबाहेरचा सोडला की ते टाळ्या वाजवायचे. मारला की गप्प.

११ जानेवारी
बाबा वीकेंडला नोकरीच्या ठिकाणाहून, रुवैसहून, आले. त्यांचे मित्र वासुदेवकाका तिथल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. त्यांना असिस्टंट हवाय, स्पेलिंग न चुकणारा. व्हिसा कंपनी देईल. बाबा म्हणाले, जागा जणू तुझ्यासाठीच काढलीय.

तेच खटकलं. इतकं सरळ काही नसतं. विचार करतो म्हणालो.

१९ जानेवारी
पहिली प्रॅक्टिस. कोच रुहानभाई, मूळचे कराचीचे. मी एकाही बॉलला बॅट लावली नाही, फक्त पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं, मनगट पाहिलं. बोटं बॉलच्या मागे, तर फास्ट. बाजूने फिरली, तर कर्व्ह. शिवणीचा लाल ठिपका दिसला, तर स्लायडर. सगळे ओळखले.

रुहानभाई म्हणाले, अंकुर मियाँ, मॅच देखने आए हो तो उधर कुर्सी है. सगळे हसले. मी मनावर घेतलं नाही. (घरी येताना थोडं घेतलं.)

२ फेब्रुवारी
घरी सराव. कॉरिडॉरमध्ये आई मोज्यांचे गोळे फेकते, मी "आत" किंवा "बाहेर" ओरडतो. आज एकही चुकला नाही. आई म्हणाली, बाळा, खांदा गेला माझा, आता भाकऱ्या कोण थापणार. अवनी दारात उभी राहून म्हणाली, दादा, यू ऑल्सो हॅव टू हिट इट, राइट?

बारावीतली मुलगी. तिला प्रोसेस कळत नाही.

१४ फेब्रुवारी
वासुदेवकाकांचा फोन. वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाले, वरून प्रेशर आहे. मी म्हणालो, इन्शाल्ला, बावीसनंतर सांगतो. ते म्हणाले, हबीबी, बावीस वीसच्या नंतर येते.

टोमणा मारणाऱ्याच्या हाताखाली काम करणं अवघड. बॉल बाहेरचा. सोडला.

२१ फेब्रुवारी, रात्री
काल वीस होती. फोन केला नाही. डिसिप्लिन म्हणजे हेच.

उद्याचे संकल्प: घाई नाही. शंका आली की सोडायचा. जेवण हलकं.

बाबा उद्या पहाटे रुवैसहून निघून थेट ग्राउंडवर येणार आहेत. नको म्हणालो होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
प्रत्येकाला दोन चान्स.

पहिला: चारही बॉल बाहेर. चारही सोडले. चालत पहिल्या बेसवर. रुहानभाईंनी मान डोलावली. बाबा उभे राहून हात हलवत होते.

दुसरा: पहिला बॉल फास्ट, गुडघ्याजवळ. शंका आली. सोडला. स्ट्राइक. दुसरा कर्व्ह. ओळखला. ओळखल्याच्या आनंदात राहून गेला. स्ट्राइक. तिसरा पिचरच्या हातातून निसटला असावा. हळू, सरळ, बेल्टच्या उंचीवर, मधोमध. शिवण दिसली. वाटलं, इतका चांगला कसा? शेवटी वळणारच.

वळला नाही.

अंपायरचा हात वर गेला. फक्त बाबा टाळ्या वाजवत होते. वेल लेफ्ट, अंकुर, वेल लेफ्ट!

रुहानभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, खलास, बेटा.

२३ फेब्रुवारी
अंपायर नवखा होता. ऊनही डोळ्यांवर होतं. अवनीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत अँगलमुळे फसायला होतं. पुन्हा लावू नकोस म्हणालो.

दुपारी वासुदेवकाकांना फोन केला. शुक्रवारीच मुलगा घेतला, म्हणाले. केरळचा आहे. स्पेलिंग बरं आहे.

२७ फेब्रुवारी
पंचवीस पूर्ण. आईने शिरा केला. पुण्याचं तिकीट दहा मार्चचं. आत्याकडे राहायचं. आई म्हणते थोडे दिवस. अवनीने कपाट तिला मिळेल का विचारलं, मग स्वतःच रडली.

बाबा मधल्या वारी सुट्टी टाकून आले. संध्याकाळी दोघेच बागेत गेलो. बाबांनी विचारलं, तो तिसरा का सोडलास?

म्हणालो, फारच चांगला होता.

बाबा म्हणाले, मी तर टाळ्या वाजवल्या. सोडलेला पण मोजतात, हा नियमच मला माहीत नव्हता रे.

मला पाठ होता.